मामांचा जबाब

विमान पडलं त्याच दुपारी बाईंनी कंपनीच्या हँगरला सील ठोकलं, तेव्हा मॅनेजर धापा टाकत आला. "अहो, कोर्टाचा कागद कुठंय?"

"लागत नाही," बाई म्हणाल्या.

अपघात तपास मंडळात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. मंडळाच्या कायद्यानं त्यांच्या हाती पुष्कळ काही दिलं होतं. कुणाच्याही आवारात न विचारता शिरायचं, हवी ती नोंदवही, हवा तो सुटा भाग ताब्यात घ्यायचा, हव्या त्या माणसाला समोर बसवायचं, आणि त्यानं तोंड उघडायचं नाकारलं तर त्याच्यावर खटला भरायचा. पोलिसांनासुद्धा अवशेषांना हात लावण्याआधी बाईंना विचारावं लागायचं. एकच गोष्ट कायद्यानं दिली नव्हती, दोष कुणाचा हे ठरवायची. मंडळानं कारण शोधायचं, गुन्हेगार नाही. लोक चेष्टेनं म्हणायचे, "एवढा मोठा वाघ आणि दात नाहीत!" बाई हसून सोडून द्यायच्या. दात नाहीत म्हणूनच माणसं आपल्याशी खरं बोलतात, असं त्यांना मनापासून वाटायचं.

विमान छोटं होतं, एकोणीस आसनांचं. उडाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला त्याचं नाक जे वर गेलं ते वैमानिकाला खाली आणताच आलं नाही. चौदा माणसं गेली. शेपटीच्या सांगाड्यात बाईंना विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा निखळलेला सापडला. त्याचा बोल्ट गळून गेला होता. बोल्टला नट असतो, आणि नट फिरू नये म्हणून त्यात टाचणीएवढी कॉटर पिन घालतात. ती पिन घातलीच गेली नव्हती. नोंदवहीत मात्र दोन सह्या होत्या, एक काम करणाऱ्याची, दुसरी काम तपासणाऱ्याची. काम करणारा कारागीर अपघाताच्या आदल्या आठवड्यातच दूरच्या देशात नोकरी धरून निघून गेला होता. तपासणाऱ्याची सही मामांची होती.

मामा म्हणजे हँगरमधले सगळ्यांत जुने मेकॅनिक. एकतीस वर्षं नोकरी झालेली. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. जबाबाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, पण नखांतलं ग्रीस काही निघालं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले.

बाईंनी नेहमीप्रमाणे कलम वाचून दाखवलं. इथं सांगितलेलं तपासापुरतंच राहील, पोलिसांना किंवा कंपनीला मिळणार नाही, कुणावर दोष ठेवायला वापरता येणार नाही. कलमाच्या शेवटी आणखी एक ओळ होती: 'व्यापक लोकहितासाठी न्यायालयाने अन्यथा आदेश दिल्याखेरीज.' तीही बाईंनी वाचली, पण जरा भरभर. एकोणीस वर्षांत त्या ओळीची कधी वेळच आली नव्हती.

"म्हणजे हे या खोलीबाहेर जायचं नाही ना, मॅडम?"

खरं तर तेव्हा ती ओळ पुन्हा वाचायला हवी होती. बाई म्हणाल्या, "नाही जायचं."

मग मामा बोलले. पाच माणसांचं काम दोघांवर आलं होतं. तपासायचं म्हणजे शिडी लावून शेपटीखाली डोकं घालायचं, टॉर्च मारायचा, पिन बोटानं चाचपायची. "सुपरवायझर खालून ओरडायचे, 'मामा, सही टाका, प्रवासी बसलेत.' त्या दिवशी मी शिडी चढलोच नाही. सही टाकली." मग म्हणाले, "एकदाच नाही. वर्षभरात चाळीसेक वेळा तरी असं केलंय. कुठली कुठली विमानं, ते सांगू शकतो."

त्यांनी आठवून आठवून यादी लिहून दिली. बाईंनी त्याच संध्याकाळी ती विमानं जमिनीवर थांबवायला लावली. त्यांतल्या दोन विमानांत पिना नव्हत्या. एकात तर नट अर्ध्यावर आला होता.

अहवाल वर्षभरानं निघाला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. अपुरी माणसं, घाईच्या सह्या, तपासणीचा देखावा, सगळं त्यात होतं, आणि शेवटी सात शिफारशी. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. सातांपैकी सहांना हवाई खात्याचं एकच उत्तर आलं: 'विचाराधीन आहे.'

मेलेल्यांच्या नातेवाइकांना मात्र कारण नको होतं, माणूस हवा होता. त्यांचंही काय चुकलं? सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज केला: मंडळानं जबाब द्यावेत. मंडळाच्या वकिलानं तासभर घसा कोरडा केला. आज हा जबाब बाहेर गेला तर उद्या कुणी बोलणार नाही, म्हणाला. न्यायाधीश सज्जन गृहस्थ होते. त्यांनी जबाब आपल्या दालनात एकट्यानं वाचला, आणि बाहेर येऊन सांगितलं, "तुमचं म्हणणं मला कळतं. पण चौदा मृत्यू झालेत."

बाई परतल्या त्या थेट मंडळाच्या प्रमुख साहेबांच्या खोलीत. "मी नाही देणार. माझा शब्द गेलाय."

"तू नाही दिलास तर मी देईन," साहेब म्हणाले. "मी नाही दिला तर बेलिफ येईल आणि कपाट फोडून नेईल. वर तू तुरुंगात. मामा सुटतात का त्यानं?"

बाईंनी कपाटाची किल्ली काढली. जबाबाचं पाकीट त्यांनी स्वतःच्या हातानं नेऊन दिलं.

खटल्यात सुपरवायझरनं शपथेवर सांगितलं, "मी कुणालाही न बघता सही करायला सांगितलेलं नाही." पुरावा कुठं होता? कंपनीनं हात वर केले. उरला एकच कागद, मामांनी स्वतःच्या तोंडानं दिलेला जबाब. मामांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या जिन्याजवळ उभ्या होत्या. मामांची बायको समोर आली. ओरडली नाही. "वकील घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते हो. हे म्हणाले, ती बाई सरळ आहे. तिनं सांगितलंय, बाहेर जायचं नाही."

तेवढ्यात शिपाई मामांना घेऊन आले. मामा बाईंना पाहून थांबले, ओठ जरासे हलले. "आयुष्यभर लोक मामा म्हणत आले. अखेर बनलोच की." मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "त्या दोन विमानांत पिना घातल्या ना?"

"घातल्या."

"स्वतः बघितल्या?"

"शिडी चढून बघितल्या, मामा."

त्यांनी मान हलवली आणि शिपायांबरोबर खाली उतरले. बाई त्यानंतर दोनदा तुरुंगात भेटायला गेल्या. दोन्ही वेळा मामांनी भेट नाकारली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचं मालवाहू विमान पडलं. याच जातीचं, असंच नाक वर करून. दोन्ही वैमानिक गेले, आणि आगीत शेपटी वितळून गोळा झाली. कारण सांगू शकणारी आता फक्त माणसंच होती. बाईंनी अकरा मेकॅनिक बोलावले. अकरा मेकॅनिक आले, अकरा वकील घेऊन. बाईंनी कलम वाचलं, या वेळी शेवटची ओळ सावकाश, दोनदा.

"त्या दिवशी शेपटीचं काम कुणी केलं?"

"आठवत नाही."

"तपासलं कुणी?"

"आठवत नाही."

तोंड उघडायला लावायचा अधिकार बाईंना होता. त्यांनी तोंडं उघडली होती. खटला कशाचा भरणार? अकरावी मेकॅनिक एक प्रौढ स्त्री होती. वकील फोन घ्यायला बाहेर गेला तेवढ्यात ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. मामांच्या हाताखाली मी काम शिकलेय." बाईंनी पेन खाली ठेवलं. वकील परत आला आणि ती पुन्हा म्हणाली, "आठवत नाही."

अहवालात कारणाच्या जागी बाईंनी लिहिलं, 'निश्चित करता आले नाही.' साहेबांनी पानं उलटली. "शिफारशी कोऱ्याच आहेत."

"कारणच नाही, तर शिफारस कसली करू?"

साहेबांनी सही केली. त्या जातीची छत्तीस विमानं अजून उडत होती. ती थांबवा म्हणायला बाईंच्या हाती आता काहीच नव्हतं.