कोरड्या तळ्यातली राणी

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती. उदगीरजवळचं एक तळं इतकं भेगाळलं, की मुंबईच्या मालिकावाल्यांनी त्यालाच परका ग्रह ठरवलं. 'नवव्या ग्रहाची हाक' हे मालिकेचं नाव. राणीचं काम करणारी नटी उन्हानं चक्कर येऊन पडली. बघ्यांच्या गर्दीत गावातली रुद्राणी उंच उठून दिसत होती. दिग्दर्शकानं तिला बोलावून चंदेरी झगा चढवला.

"अंतराळवीर पाणी मागतील. तू नाही म्हणायचं. जमेल?"

"टँकरपाशी रोजच म्हणावं लागतंय," रुद्राणी म्हणाली.

पुढं तिचं लग्न होऊन ती लातूरला आली. तो भाग लागला त्या संध्याकाळी ऐन वेळी वीज गेली. आली तेव्हा बातम्या चालू होत्या. नणंद शिवकांता हसली, "वहिनी, तुम्ही गर्दीत उभ्या असाल!" माहेरचे लोक शपथा घेऊन सांगायचे, पण माहेरचं कोण ऐकतंय? भाकरी करपली की शिवकांता म्हणायची, "राणीसाहेबांना कुठली सवय!" रुद्राणीनं मग तो विषयच सोडला.

बऱ्याच वर्षांनी मालिकेच्या सीड्या निघाल्या. लेक महादेवी नांदेडला कॉलेजात होती. तिनं बाजारातून संच आणला आणि दिवाळीत सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. शिवकांताही आलेली होती.

तळं दिसलं. मग विशीतली रुद्राणी, हनुवटी वर, डोळ्यांत जाळ.

"पाणी? आधी आमची लेकरं पितील. उरलं तर बघू, हाव का!"

ते "हाव का" म्हणजे उदगीरकडचं "बरं का"; ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं होतं.

नवरा भीमाशंकर उठूनच उभा राहिला. "आगं, तूच हायस की!"

शिवकांतानं पदर डोळ्यांना लावला. "वहिनी, लई चुकलं माझं."

रुद्राणीचं लक्षच नव्हतं. ती स्वतःला बघत होती. किती ताठ उभी होती ती पोर! शेवटी पडद्यावर नाव आलं: राणी, रुद्राणी, उदगीर.

शिवकांतानं दारात धावत जाऊन शेजारणींना हाक दिली. "कमलम्मा, तारामती, या गं समद्या! आमच्या वहिनी टीव्हीत हायत!"

बैठक बायकांनी भरली. रुद्राणीनं खुर्ची ओढून मधोमध घेतली आणि ऐसपैस बसली.

"महादेवी, पहिल्यापासून लाव. आन् आवाज वाढव."