टाकीची भुकटी, मठाची विभूती

अंबडच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेच्या बरणीत कापडरंगाच्या कारखान्याचं निळंशार सांडपाणी होतं. महाराजांनी त्यात चिमूटभर विभूती टाकली, वर भगवं फडकं घातलं. लांबलचक आरती झाली, फडकं निघालं, आणि पाणी नितळ!

"नाल्याचं पाप धुतलं, तिथं रक्तातली साखर काय चीज हाय?" महाराज गरजले. "इंजेक्शनं सोडा, तीर्थ प्या!"

सगळ्यात पुढे हात जोडून कोण? आपले अमोलराव! त्याच कारखान्यात सांडपाण्याचे केमिस्ट, एम.एस्सी. फर्स्ट क्लास! पण आईची साखर काही केल्या उतरेना, तेव्हा साहेबांनी चपलांसोबत अक्कलही मंडपाबाहेर काढून ठेवली.

घरी अमोलच्या आईनं, कुसाबाईंनी, सकाळचं इन्सुलिन घेतलंच नव्हतं. अमोलनं त्याच बरणीतून आणलेल्या तीर्थाचा पेला ओठांशी नेला, तोच सुनेनं, योगिनीनं, हात धरला.

"थांबा आई. अहो, रंग गेला कसा?"

"दैवी शक्ती!" अमोल म्हणाला.

"आणि तुमच्या कारखान्याच्या टाकीत रोज जातो तो?"

"ते वेगळं गं! पावातलंच यीस्ट, फक्त जनुकं बदललेली. ते सांडपाण्यातला कचरा खातं आणि रंग तोडणारं एन्झाइम तयार करतं. ते वाळवलं की राखाडी भुकटी होते. चिमूटभर टाकली तरी रंग…"

अमोलनं कपाळावर हात मारला. खंडेनवमीला त्यानं टाकीची यथासांग पूजा केली होती. पूजेतली भुकटीची पिशवी पुन्हा कपाटात कशी कोंबायची, म्हणून भक्तिभावानं मठात अर्पण केली होती. कशाला लागते, तेही महाराजांना कौतुकानं सांगून आला होता!

"पण पानी तर सोच्छ दिसतंय की रे," कुसाबाई म्हणाल्या.

"आई, नुसता रंग गेलाय. क्षार, रसायनं तशीच आहेत. आम्ही ते पुढं गाळतो, तपासतो, आणि तरीही पीत नाही!" त्यानं पेला मोरीत ओतला. आईला स्वतःच्या हातानं विष पाजणार होता की तो!

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन मंडपात गेला. तसंच निळं पाणी घेतलं, कारखान्यातली भुकटी टाकली आणि आरतीऐवजी मोठ्यानं पाढे म्हटले. एकोणतीसचा चुकला, तरी पाणी निवळलं. महाराज मागच्या दारानं पसार झाले.

"हसा मला, खुशाल हसा!" अमोल म्हणाला. "पण डिग्रीवर विसंबू नका, भगव्यावरही नको. कसं झालं, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांचं औषध सोडू नका."

कुसाबाईंनी तिथंच पिशवीतून इन्सुलिन काढून त्याच्या हातात दिलं आणि पदर सावरून दंड पुढे केला. "शिकलेल्या येड्या, जेवणाआधीचं टोच आता. भूक लागलीय मला."