एकोणीस सेकंद

हेडफोनच्या डाव्या बाजूचा स्पंज फाटला होता आणि त्यातून निघणारा पिवळट चुरा तिच्या बाहीवर पडत होता – तो ती एका बोटाने झटकत होती, पुन्हा पुन्हा, कारण बोटाला काहीतरी काम हवं होतं... कानात साहेबांचा श्वास येत होता. मुखवट्याआडचा, घरघरता, घाबरलेल्या माणसाचा. घाबरा, ती मनात म्हणाली. जरा कळू दे तुम्हालाही.

सकाळचे साडेदहा वाजले होते. कारखाना दोनशे किलोमीटर लांब, आणि ती या गारेगार खोलीत, चार पडद्यांसमोर. शीतगृहातल्या अमोनियाच्या पाइपाचा सांधा गळू लागला होता, कामगार बाहेर काढले होते, आणि नव्या नियमाप्रमाणे साहेबांना स्वतःला आत जावं लागलं होतं – सोबत फक्त पैलवान, म्हणजे तिथला जुना फिटर. आतल्याला वाफेत स्वतःचा हात दिसत नाही, लांबच्या खोलीत मात्र पाइपातला सगळा दाब पडद्यावर दिसतो. म्हणून आतल्याने काय करणार ते सांगायचं, आणि लांबच्याने तेच परत म्हटल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दोन वर्षांपूर्वी हा नियम नव्हता. तेव्हा पाइपापाशी तिचा धाकटा भाऊ होता, साहेब बाहेर मोकळ्या हवेत उभे राहून हुकूम सोडत होते, आणि ती – इथेच, याच खुर्चीत – थांबा म्हणाली होती. एकदा नाही, तीनदा. तरीही व्हॉल्व्ह बंद झाला, आणि पाइप भावाच्या तोंडासमोर फुटला. चौकशीत साहेबांनी सरळ कानांवर हात ठेवले. मला कुणी थांबवलंच नाही, म्हणाले. रेकॉर्डिंगचं यंत्र नेमकं त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं होतं.

भाऊ आता कपात बोट धरून चहा ओततो. बोटाला चटका बसला की कप भरला. त्याने एकदाच विचारलं होतं, "ताई, तू खरंच थांबा म्हणाली होतीस ना?" – हो म्हटल्यावर तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा कधी त्या विषयावर आला नाही. त्या दिवसापासून ती डूख धरून होती. हसून नमस्कार केले, त्यांच्या बढतीचे पेढेही खाल्ले, आणि वाट पाहिली.

"सात नंबरचा व्हॉल्व्ह बंद करतोय," साहेब म्हणाले.

तिने पडद्यावर पाहिलं. मागचा चार नंबर आधीच बंद झालेला होता. आता सातही बंद केला तर मधल्या पाइपात अमोनिया कोंडेल, आणि तो पाइप साहेबांच्या छातीसमोरच फुटेल. तिने काहीच करायचं नव्हतं. फक्त त्यांचे शब्द परत म्हणायचे. सात बंद. नियमाला धरून, मंजुळ आवाजात... पुढे कुणी विचारलं तर पडदा उशिरा बदलला म्हणता येईल; कसं म्हणायचं ते साहेबांनीच शिकवलं होतं. तिने तोंड उघडलं. जिभेवर 'सात' आला होता, गोड लागत होता, आणि तो तिने तसाच तोंडात धरून ठेवला – त्यांचा श्वास वाढत होता, वाढू दे, माझा भाऊसुद्धा असाच –

"ताई, ऐकताय ना?" हा पैलवानाचा आवाज.

दर रविवारी पैलवान घरी येतो. भावाची दाढी करतो, दोन बोटांनी त्याचं नाक धरून, आणि साबण तोंडात गेला की दोघं खिदळत बसतात.

"थांबा," ती म्हणाली. "सातला हात लावू नका. चार बंद आहे. दोघंही मागे या."

"ऐकलं. थांबतो." साहेब लगेच म्हणाले.

इतक्या पटकन. मुखवट्यातून, वाफेतून, त्या सगळ्या घरघरीतून शब्द स्वच्छ पोचला होता, आणि या वेळी पाइपासमोर त्यांची स्वतःची छाती होती. त्या दिवशी तर ते मोकळ्या हवेत उभे होते. पोचलाच असणार. तीनही वेळा. इतके दिवस तिच्या मनात एक बारीकशी शंका उरली होती, की नसेलही ऐकू गेलं... ती आता गेली, आणि तिच्या जागी आलेला राग अगदी नितळ होता.

दोघं बाहेर आल्याची खूण पडद्यावर उमटली. तिकडून साहेब आभार मानू लागले. तिने आवाज बंद केला. हे रेकॉर्डिंग मागून घ्यायचं, तिने ठरवलं. संध्याकाळी भावाला ऐकवायचं – ऐक, त्यांना ऐकू येतं. मग चौकशी नव्याने उघडायला लावायची. तिने ते मागे नेऊन लावलं. सात नंबरचा व्हॉल्व्ह बंद करतोय. मग श्वास. मग श्वास. मग पैलवान. मग तिचा थांबा. खाली आकडे सरकत होते : साहेबांच्या वाक्यापासून तिच्या शब्दापर्यंत एकोणीस सेकंद.

भाऊ हल्ली सगळं कानांनीच पाहतो. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगतो, गॅसवरच्या दुधाचा आवाज तिच्याआधी त्याला कळतो. हे एकोणीस सेकंद तो ऐकेल, आणि त्यांत पैलवान होता हेही त्याला कळेल. विचारणार काहीच नाही. मान थोडी तिरकी करेल आणि बरं म्हणेल.

बाहीवर पुन्हा चुरा पडला होता. तिने तो झटकला नाही. बोट रेकॉर्डिंग मागवायच्या बटणावर ठेवून ती बसून राहिली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या 'बरं'ची भीती वाटली.