मधल्या वयात सहसा नाही

बाबांच्या दुकानात नवा कॉम्प्युटर जोडून झाला की तो आधी आठवडाभर मांडणीवर उघडाच ठेवून रात्रंदिवस राबवला जायचा. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलं तरी बाबा बधत नसत. "जायचा असेल तर माझ्या डोळ्यांसमोर जाऊ दे," म्हणत. यंत्राचा कुठलाही भाग एकतर पाळण्यात दगावतो, नाहीतर म्हातारपणी. मधल्या वयात सहसा काही होत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ते स्वतः मधल्या वयातच, बुटाची नाडी बांधता बांधता गेले. त्या वाक्यातलं 'सहसा' त्यांच्या मुलीला हल्ली सारखं टोचायचं.

ती दुकानात गेली ती त्यांचा चष्मा आणि डबा आणायला. दुकान काकांनी तात्पुरतं सांभाळायला घेतलं होतं, म्हणजे चांगलं बूड टेकलं होतं. मांडणीवर काहीच चालू नव्हतं, तिच्यावर काकांचा ओला टॉवेल वाळत होता. टेबलावर कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून उचललेल्या हार्डडिस्कचा ढीग. काळपट, चिकट, कुणाकुणाच्या बोटांचा मळ बसलेल्या. काका एकेक उचलून जुनं लेबल नखानं खरवडत, ब्रशानं थिनर लावून घासत, आणि अंगठा जिभेवर फिरवून नवं लेबल चिकटवत.

डिस्क एकूण किती तास चालली याची मोजणी तिच्या पोटातच असते. त्या मोजणीचं काय केलं, असं तिनं विचारलं.

"शून्य केली," काका खुशीत म्हणाले. "न्हाऊमाखू घालून परत पाळण्यात ठेवल्या."

आणि वर तिलाच समजावू लागले. कच्च्या होत्या त्या केव्हाच मेल्या, या तावूनसुलाखून निघालेल्या. हे तर दादाचंच गणित. गणिताचा उरलेला अर्धा भाग त्यांनी सोयीनं गिळला होता. वयच पुसून टाकल्यावर कोण कधी जाईल ते कुणाच्या बापाला कळणार होतं?

तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या ब्रशाकडे गेलं. निळा दांडा, केस एकाच बाजूनं झिजलेले. बाबा डाव्या दाढांवर फार जोर देत. न्हाणीघरातल्या पेल्यातून तो नाहीसा झाला तेव्हा आईनं टाकला असेल, असं ती धरून चालली होती. आता त्याच्या केसांत लेबलांचा काळा चिकटा गुंतला होता. तो काकांकडे कसा, असं तिनं विचारलं.

"वहिनीनंच दिला," काका म्हणाले. "जुना ब्रश मागितला होता मी. त्यात काय एवढं?"

मग रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतल्या बाई आल्या, नवा कॉम्प्युटर न्यायला. रोग्यांचे सगळे रिपोर्ट त्याच्यावरच ठेवायचे होते. काकांनी आवाजात मध कालवला. मुलीनं तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आईला भाऊबंदकी नको होती, आणि दुकानात बसायला दुसरं होतं तरी कोण?

"डोळे मिटून न्या," काकांनी खोकं पुढं सरकवलं. "दादाच्याच हातचं समजा."

"बाई, हे नेऊ नका," ती म्हणाली. "आतली डिस्क जुनी आहे. किती जुनी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका खोक्यावरची नसलेली धूळ झटकू लागले. मग कधी मिळेल, असं बाईंनी तिलाच विचारलं. नवी डिस्क घालून आठवडाभर मांडणीवर चालवीन, टिकली तर देईन, असं ती म्हणाली. "तुझे बाबासुद्धा असंच ताटकळत ठेवायचे," म्हणून बाई पायऱ्या उतरल्या.

"घरचं उणंदुणं असं परक्यासमोर काढतात होय गं?" काकांचा मध आटला होता. "एवढा पुळका आहे तर बस तूच इथं."

"किल्ल्या ठेवून जा."

त्यांनी त्या थिनरच्या वाटीत टाकल्या आणि आपल्या डिस्कचं पोतं घेऊन चालते झाले.

तिनं टॉवेल दोन बोटांनी उचलून बाहेर भिरकावला. ब्रश नळाखाली धूत राहिली, पण थिनरचा वास जाईना. तो आता पेल्यात परत ठेवता येणार नव्हता. शेवटी त्याच ब्रशानं ती मांडणीवरच्या पंख्यातली धूळ काढायला बसली. बाबाही जुन्या ब्रशाचं हेच करत, हे तिला आठवलं. म्हणजे ब्रशापुरतं काकांचं खरं होतं, आणि त्यामुळे त्यांची आणखीच किळस आली.