पेन्सिलीच्या खुणा

बावीस वर्षं कात्री थोरल्या जावेच्या हातात होती, आणि बावीस वर्षं ती धाकटीच्या डोळ्यांत सलत होती. दोघा भावांचा पडदे शिवायचा कारखाना. थोरला घरोघरी मापं घेत फिरायचा, धाकटा कारखाना सांभाळायचा. थोरली जाऊ कापड कापायची, धाकटी वाफेची इस्त्री करायची. चुकीचं कापलेलं कापड काही परत जुळत नाही, म्हणून कटिंगच्या टेबलाचा शब्द सगळ्यांना ऐकावा लागे. धाकटीला ते टेबल हवं होतं आणि ती हे लपवतही नव्हती.

संधी आयती चालून आली. नाट्यगृहाचा मखमली पडदा होता. मखमलीची लव एकाच बाजूला झुकलेली असते, सगळे तुकडे त्याच अंगाने कापायचे, हे थोरलीनेच कितीतरी जणींना शिकवलेलं. पण त्या दिवशी अंगात भडका उठला, घाम डोळ्यांत उतरला, रात्रीची झोप तर नव्हतीच, आणि तिने एक तुकडा उलटा कापला. पडदा टांगला तेव्हा एक बाजू गडद आणि एक फिकट दिसली. दिराने तोंड वाकडं केलं. महिनाभर बघू, तो म्हणाला, पुन्हा असं झालं तर कात्री धाकटीकडे जाईल.

थोरली डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सांगितलं, पाळी जायचे दिवस आहेत, यात लाजायचं काही नाही. सकाळी भरभर चाला, दुपारनंतर चहा नको, तिखट कमी करा, सैल सुती कपडे घाला, हवा खेळती ठेवा. कधी काय होतं ते वहीत लिहा, म्हणजे कशाने वाढतं ते कळेल. आणि एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, उगाच सोसत बसू नका, परत या, असंही त्यांनी बजावलं.

थोरलीने नेटाने सगळं केलं. चहा सोडल्यावर दोन दिवस डोकं ठणकलं, तेही निळ्या पेनाने लिहून ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात झोप जरा बरी लागू लागली. पण सकाळी अकराचा भडका काही हटेना. वही चाळली तेव्हा उलगडा झाला. अकराला धाकटी इस्त्री लावायची आणि थोरलीच्या पाठीमागची खिडकी बंद करायची. वाऱ्याने कापड उडतं म्हणे. थोरली खिडकी उघडायची, धाकटी येऊन लावायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, नुसती कडी वाजायची. गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत धाकटी परत इस्त्रीकडे जायची, आणि आत शिलाईच्या बायकांसकट सगळ्या घामाने निथळत बसायच्या.

महिना संपला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटीने थोरलीच्या ड्रॉवरमधून वही काढली आणि नवऱ्यासमोर, सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचायला घेतली. रात्री तीनदा जाग. कारण नसताना रडू आलं. सांगितलेलं माप विसरले.

"अशा हातात कात्री ठेवायची?" तिने विचारलं.

एक बाई खुदकन हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वही हिसकावली, अकराच्या भडक्याची पानं दिराच्या तोंडावर मारायची म्हणून शोधू लागली, आणि थबकली. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, तिने न केलेल्या. रात्रीच्या जागरणापुढे खूण, रडण्यापुढे खूण, छातीतल्या धडधडीपुढे दोन. चहाच्या डोकेदुखीपुढे नव्हती. अकराच्या भडक्यापुढे मात्र रोज होती.

तिने धाकटीकडे नीट पाहिलं. आज इस्त्रीचं काम नव्हतं, ती लागलीही नव्हती, तरी गळ्यातला टॉवेल ओला होता. म्हणजे हेच सगळं धाकटीलाही होत होतं, आणि खिडकी कापडासाठी बंद होत नव्हती तर. सगळ्याच घामाघूम झाल्या की एकीला कोण विचारणार होतं!

दया आली असती तर चारचौघांत शोभलं असतं. पण आली नाही. थोरलीला मनापासून आनंद झाला.

"वाचायचीच तर सगळी वाचू," ती म्हणाली. "पेनाने लिहिलंय ते मी वाचते. पेन्सिलीचं तू वाच."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. कसली पेन्सिल, दिराने विचारलं. धाकटी उठली, खिडकीपाशी गेली, कडी काढून दोन्ही दारं सताड उघडली आणि पाठमोरीच म्हणाली, "कात्री राहू दे जाऊबाईंकडे."

सुट्टी संपली, बायका मशिनींवर गेल्या. थोरलीने वहीतली मागची कोरी पानं फाडून इस्त्रीच्या टेबलावर टाकली.

"स्वतःचं यावर लिही," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या वहीला पुन्हा हात लावलास तर तुझ्या खुणा मी वाचून दाखवीन."

धाकटीने पानं घडी करून पदराआड ठेवली. वाऱ्याने टेबलावरचं कापड उडायला लागलं. थोरलीने चारी कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवली आणि कापायला घेतलं.