चौथा दगड

धाकट्या भावाने कुंपणाची भिंत माझ्या जागेत घुसवली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून ड्रोनने मोजणी करणाऱ्या बाईंना मीच बोलावलं. "एक इंचही सोडायचा नाही," असं बजावलंसुद्धा. धाकटा समोर हाताची घडी घालून उभा होता. सहा महिने आमचं बोलणं बंद होतं.

बाईंनी ड्रोन पेटीतून काढलाच नाही. "आधी तुमच्या जागेच्या चारही कोपऱ्यांचे दगड दाखवा. त्यांवर पांढरी फुली मारल्याशिवाय वरून हद्द कळत नाही."

मी तरातरा चालत तीन दगड दाखवले. त्यांनी फुल्या मारल्या.

"आणि भावाच्या बाजूचा चौथा?"

"यानेच उपटला असणार!" मी धाकट्यावर खेकसलो. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. तो एक पाऊल पुढे आला. मीही बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "अहो, तो आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली आहे. घर बांधताना तुम्हीच म्हणालात ना, राहू दे, पाया पक्का होईल?"

बाईंनी रंगाचा डबा उचलला.

"मग आत येऊ का?"