‘छत्री कुणाची?’बद्दल हॅटर्सलींचं मत

टॉडमॉर्डन गावच्या वाचनालयात मी एकोणतीस वर्षं काढली. लोक तिथे पुस्तकं परत करायला येत आणि जाताजाता मनातली जळजळही माझ्या टेबलावर ठेवून जात.

नॉरिस हॅटर्सली त्या सोमवारी आले ते टोपीही न काढता. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर बस चालवली, आता हाताला कंप सुटला होता, म्हणून त्यांची पत्रं मी टाइप करून द्यायची. शनिवारी संध्याकाळी ‘छत्री कुणाची?’ला पन्नास वर्षं झाल्याबद्दल टीव्हीवर कार्यक्रम झाला होता. स्टेशनातल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसणारे दोन कारकून, एक जाडा, एक लुकडा; शुक्रवारी साडेआठला ती मालिका लागली की आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नसे. सोमवारी शाळेत ज्याला लुकड्याची चाल जमे, तो त्या आठवड्याचा राजा. शनिवारचा कार्यक्रम मी पाहिला होता आणि मला तो बरा वाटला होता. पण हॅटर्सलींपुढे ते बोलायची सोय नव्हती. त्यांनी अंडी उकडायचं घड्याळ लावून मोजलं होतं: दीड तासात खुद्द मालिका अकरा मिनिटं.

“लिही, पोरी,” ते म्हणाले. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.

पत्र टीव्हीच्या साप्ताहिकाला गेलं आणि छापूनही आलं. आम्हाला मालिका पाहायची होती, तिच्यावर बोलणारी माणसं नव्हे, त्यातली निम्मी तर तेव्हा जन्मलीही नव्हती. विनोद चालू असताना मध्ये तोंड घालणारा आमच्या घरी असता तर त्याला परसात नेऊन उभा केला असता, असा एकूण मजकूर. हॅटर्सली तो अंक पंधरा दिवस कोटाच्या खिशात घालून फिरले.

तिसऱ्या आठवड्यात त्याच पानावर उत्तर आलं. लिहिणारी बाई देशाच्या पार दक्षिण टोकाला, कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरातली, नाव अ‍ॅव्हरिल ट्रेगेअर. हॅटर्सलींना बारीक अक्षर दिसेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं: ‘माझे यजमान क्लेम यांची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली. जुनी मालिका लागली की लोक हसतात आणि हे मला विचारतात, काय झालं? मी सांगेपर्यंत पुढचं हसू येऊन गेलेलं असतं. त्या शनिवारी पडद्यावरची माणसं सांगत होती, लुकडा शिडीवर कसा चढला, छत्र्या एकामागून एक कशा उघडल्या. आणि हे माझ्या आधी हसले. श्री. हॅटर्सली ज्याला बडबड म्हणतात, तिची मी ऋणी आहे.’

“परत वाच,” हॅटर्सली म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग एल्सीबद्दल बोलायला लागले. एल्सी म्हणजे त्यांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. शुक्रवारी साडेआठला ती मागच्या खोलीत भांडी घासत असायची, आणि हे पुढच्या खोलीतून ओरडून सांगायचे, आता चढला, आता पाय घसरला. ती तिकडून हसायची. निम्मी मालिका तिने यांच्याच तोंडून ऐकली होती.

“आणि तिनं कधी गप्प बसा म्हटलं नाही?” मी विचारलं.

“कधीच नाही,” ते म्हणाले, आणि मला दुसरं पत्र लिहायला बसवलं. हे थेट अ‍ॅव्हरिलबाईंना.

ठरलं असं, की दर शुक्रवारी साडेआठला दोन्ही घरी एकच भाग लावायचा, आणि जिथे पडद्यावर कुणी बोलत नाही तिथे हॅटर्सलींनी फोनवरून सांगायचं. हॅटर्सलींना डिस्कचा संच आमच्या वाचनालयातलाच दिला, न्यूलिनला त्यांचा स्वतःचा होता. पहिल्या शुक्रवारी फोन जोडून द्यायला मी गेले होते. फजितीच झाली. न्यूलिनची डिस्क चार सेकंद पुढे धावत होती, त्यामुळे क्लेमना हसू आधी आणि पडणं मागून. हॅटर्सलींना घाम फुटला.

फोनमधून क्लेमचा जाडाभरडा आवाज आला. “हॅटर्सली, तुम्ही बस चालवायचात ना? मग पुढचा थांबा आधी सांगा की. गाडी निघून गेल्यावर काय सांगता?”

हॅटर्सलींनी ते मनाला लावून घेतलं. गुरुवारी तोच भाग दोनदा पाहायचे, वाकड्यातिकड्या अक्षरांत टिपणं काढायचे. कुठे थांबायचं, किती शब्दांत आटपायचं, हे त्यांना सातआठ आठवड्यांत जमलं. भाग संपला की अर्धा तास वाद. क्लेमच्या मते जाड्याला अभिनयाचा गंधही नव्हता. हॅटर्सली त्यावर खवळत. अ‍ॅव्हरिलबाई मागून म्हणत, चहा निवतोय. एकदा आयरिश हमालाची टिंगल करणारा प्रसंग आला आणि हॅटर्सली बोलायचे थांबले.

“काय झालं?” क्लेमनी विचारलं.

“काही नाही. तेव्हा आम्ही यावर हसलो होतो.”

“मीसुद्धा,” क्लेम म्हणाले, आणि दोघंही पुढच्या प्रसंगाची वाट पाहत राहिले.

सव्वीस भाग वसंतापर्यंत पुरले. शेवटचा संपला तेव्हा, अ‍ॅव्हरिलबाईंनी नंतर मला कळवलं, फोन ठेवायला कुणीच तयार नव्हतं. हवामान झालं, बोटी झाल्या, बसचे जुने रस्ते झाले.

सोमवारी हॅटर्सली टेबलापाशी आले आणि हळूच दुसऱ्या एका जुन्या मालिकेची, कॅरॅव्हॅनमध्ये म्हणजे चाकांवरच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या, चौकशी केली. चाळीस वर्षं जिला ते भिकार म्हणत आले होते, तीच.

“क्लेमला आवडते,” ते म्हणाले. “माझं मत बदललेलं नाही.”

आमच्याकडच्या त्या मालिकेच्या संचातली तिसरी डिस्क गहाळ होती. मी हॅलिफॅक्सच्या शाखेला लगेच कळवलं आणि शुक्रवारच्या आत पाठवा असं खाली दोन रेघा ओढून लिहिलं.